पहिली अ‍ॅनिमेशन फिल्म: चित्रं, थ्री-डी की स्टॉप मोशन?

घरी एक बरा संगणक आणि फोन आहे, दोन मिनिटांची फिल्म करायची आहे. कोणती पद्धत घ्यावी? दिसायला कोणती छान, यावर बहुतेकांचं ठरतं. त्यापेक्षा चूक झाली तर ती कधी कळते आणि सुधारायला किती काम पडतं, हे आधी पाहावं.

हाताने चित्रं काढायची तर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावरच्या स्थिर चौकटी. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं, तरी दोन मिनिटांना १४४० चित्रं होतात. आधी मुख्य पोझ, मग मधली चित्रं. रंग भरण्याआधी कच्ची रेखाटनं चालवून पाहिली की चाल कुठे अडखळते ते दिसतं आणि तेवढीच चित्रं बदलता येतात. क्रिटा, ओपनटून्झ ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. मात्र प्रत्येक कोनातून तोच चेहरा काढता येत नसेल, तर ही वाट दमवते.

थ्री-डीमध्ये कष्ट सुरुवातीला. आधी पात्राचं मॉडेल, मग रिगिंग, म्हणजे ते हलवण्यासाठी आत सांगाडा बसवणं. पात्र पहिलं पाऊल टाकेपर्यंत बरेच दिवस जातात. पण एकदा ते उभं राहिलं की हात दहाव्यांदा वळवा, कॅमेरा फिरवा, नव्याने काही काढावं लागत नाही. फक्त रेंडरला, म्हणजे संगणकाला अंतिम चित्रं तयार करायला, वेळ लागतो. ब्लेंडर हे थ्री-डी सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातच बनलेल्या, लॅटव्हियन दिग्दर्शकाच्या ‘फ्लो’ या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. त्यामागे अख्ख्या चमूची काही वर्षांची मेहनत होती, हेही ध्यानात ठेवावं.

स्टॉप मोशनमध्ये मागे जाता येत नाही. बाहुली किंचित हलवा, फोटो काढा, पुन्हा हलवा. चाळिसाव्या फोटोला टेबलाला धक्का लागला, तर बहुधा तो शॉट पहिल्यापासून. खिडकीतलं ऊन सरकलं की प्रकाश लुकलुकतो, म्हणून पडदे बंद, दिवा एकच, फोनचा फोकस आणि एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक. मातीच्या बाहुलीत तार घाला आणि पाय टाचणीने टेबलात रोवा, नाहीतर ती चालता चालता कलंडते. दादासाहेब फाळक्यांनीही वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक फ्रेम घेऊन दाखवली होती आणि पुढे आगकाड्या नाचवल्या होत्या.

नोकरी डोळ्यासमोर असेल तर थ्री-डी. चित्रकलेचा हात असेल तर चित्रं. बाकी सगळ्यांना मी स्टॉप मोशनच सुचवेन, कारण एका पावलाला किती फ्रेम लागतात हे त्यात हातालाच कळतं. आणि पहिली फिल्म दोन मिनिटांची नको, अर्ध्या मिनिटाची करा: एक फोटो दोन फ्रेम ठेवला तर ३६० फोटो.