लाकडी गल्ला, अकरा महिन्यांनंतर: सगळं ठीक, ते झाकण सोडून

गल्ला उघडेना म्हणून दादाचा फोन आला तेव्हा बाहेर सलग सहाव्या दिवशी पाऊस होता. पहिलं वाक्य, "तुझी वॉरंटी आहे का गं काही?" मागून भाचीचा आवाज, "आत्या, बाबाने स्क्रूड्रायव्हर घातला!" मी ओरडले, "काढ आधी तो." तोवर झाकणाच्या कडेचा नखाएवढा ढलपा उडाला होता.

तर हा त्या गल्ल्याचा अनुभव. बनवणारी मी, तक्रार निवारण केंद्रही मीच, त्यामुळे तोंडसुख घ्यायला दुसरं कुणी नाही.

माप थोडक्यात. आतून १५० बाय १२० मिमी, उंची १००. म्हणजे जेमतेम १.८ लिटर जागा. काढून टाकलेल्या शेल्फची पाइनची फळी पडून होती, ती वापरली. कोपरे साधे जोडून पांढरा गोंद, पुढच्या बाजूला ॲक्रिलिकची छोटी खिडकी, वर फट, खाली खाचेतून सरकणारं झाकण. भाची सात वर्षांची होणार होती, तिच्यासाठी. (तीनच्या आतलं मूल घरात असेल तर गल्ला उंचावर ठेवा. लहान वस्तू घशात अडकू शकते का, हे तपासायचं नळकांडं ३१.७ मिमी व्यासाचं असतं. बहुतेक नाणी त्यात बिनदिक्कत जातात.)

आता झाकण.

मी ते कोरड्या थंडीत बनवलं आणि खरं सांगते, मला त्याचा माज होता. रंध्याने एकेक पापुद्रा काढत असं बसवलं होतं की आत सरकवताना हवा दाबली जाऊन फुस्स आवाज यायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. वहिनी म्हणालीही होती, "जरा सैल नको का?" मी हसले. दोन्ही बाजूंनी मिळून जेमतेम अर्धा मिलिमीटर सोडला होता.

लाकूड दमट हवेत फुगतं, हे मलाही माहीत होतं. पण ते कुठल्या दिशेने आणि किती फुगतं, ते मी कागदावर कधी मांडलं नव्हतं. रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेने, लांबीत, ते जवळजवळ हलत नाही. सगळी हालचाल आडवी. सपाट चिरलेल्या पाइनचा ढोबळ हिशोब असा: लाकडातला ओलावा १ टक्क्याने वाढला की फळी रुंदीत साधारण पाव टक्का वाढते. कोरड्या दिवसांतून पावसाळ्यात जाताना ओलावा ४ टक्के वाढला तर १२० मिमीच्या झाकणाची रुंदी १.२ मिमीने वाढणार. मी सोडला होता अर्धा.

आणि डब्याच्या बाजू? त्यांच्या रेषा डब्याभोवती आडव्या फिरतात, त्यामुळे दोन खाचांमधलं अंतर तसूभरही बदलत नाही. झाकण रुंद होत चाललंय आणि दार तेवढंच. त्यात मी पॉलिश फक्त बाहेरून केलेलं. आतली बाजू कोण बघतं म्हणून कोरडी ठेवली, अर्धी बाटली वाचवली. परिणाम, आतली बाजू ओलावा भराभर पिते, बाहेरची सावकाश, आणि झाकण फुगतं ते फुगतं, वर वाकतंही. वाचवलेलं पॉलिश अजून बाटलीत आहे, घट्ट होत चाललंय.

इथवर लिहिताना मी स्वतःला "फट कमी सोडली" एवढाच दोष देत होते. पण काल जुनं झाकण हातात घेऊन बसले तेव्हा कळलं की खरी चूक वेगळीच आहे. मी रेषा चुकीच्या दिशेने घेतल्या. झाकण ज्या दिशेने सरकतं त्याच दिशेने रेषा ठेवल्या, कारण डब्याच्या रेषांशी जुळून देखणं दिसत होतं. त्याच रेषा एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत आडव्या घेतल्या असत्या, तर फुगवटा सरकण्याच्या दिशेने गेला असता. झाकण फार तर दीडेक मिलिमीटर बाहेर डोकावलं असतं, अडलं नसतं.

शिवाय वजन. हे तर मी धरलंच नव्हतं. २५ मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची नाणी कशीही ओतली तर एक लिटर जागेत साधारण साडेपाचशे मावतात, आणि ती चारेक किलो भरतात. भरलेल्या गल्ल्याचा तळ म्हणजे हेच झाकण, आणि ते सगळं ओझं रेषेच्या आडवं, म्हणजे जिथे लाकूड सगळ्यात लवकर चिरतं तिथे! रेषा खाचेपासून खाचेपर्यंत असत्या तर तेच तंतू तुळईसारखे ओझं पेलून राहिले असते. एकाच फळीत दोन गाढवपणा, आणि दोन्ही रूपापायी.

झाकण सुटलं कसं, तेही सांगते. तेल नको, हातोडी नको. बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मी वर्षानुवर्षं जमवते, घरात त्यावरून चेष्टा होते. त्या चौदा पुड्या आणि गल्ला, दोन्ही एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायला सांगितलं. नऊ दिवस लागले. भाची रोज विचारायची, "सुकला का?" दहाव्या दिवशी झाकण अंगठ्याने सरकलं. चेष्टा करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

त्या नऊ दिवसांत अजून एक गोष्ट उघडकीला आली. मला वाटत होतं, पैसे अडकलेत म्हणून पोर रडवेली असेल. तिने पट्टी घेतली, गल्ला उलटा केला, पट्टी फटीत घातली आणि तिच्यावरून एकेक नाणं घसरवत हवे तेवढे पैसे काढले. ही युक्ती तिला तिसऱ्याच आठवड्यात सापडली होती, असं नंतर कळलं. म्हणजे ज्या झाकणापायी मी एवढी शरमले, ते ती वापरतच नव्हती. हे टाळायचं असेल तर फटीखाली आत एक तिरकी पट्टी चिकटवतात, नाणं आत जातं पण उलटं येत नाही. मी विचारलं, लावू का? "नको, आत्या," एवढंच. नाही लावली.

फटीबद्दल तक्रार नाही. घरातलं सगळ्यात मोठं नाणं २७ मिमी भरलं, म्हणून ३५ बाय ४ ठेवली. दोन टोकांना ड्रिलने भोकं, मधला भाग कोरून कानशीने साफ. ड्रिल करताना खालून टाकाऊ लाकडाचा तुकडा दाबून धरा, नाहीतर आतल्या बाजूचे ढलपे उडतात. चार घड्या घातलेली नोट कशीबशी जाते.

खिडकीबाबत मात्र मी मत बदललंय. दोन महिन्यांनी विचारलं असतं तर म्हटलं असतं, ॲक्रिलिक लावू नका. नाण्यांच्या घासण्याने आतून ओरखडेच ओरखडे, धुरकट दिसायला लागली होती. मला ते बघवेना, बदलून देते म्हणून मागे लागले होते. पण भाचीने खिडकीवर बाहेरून पेन्सिलीने रेघा मारल्यात, प्रत्येक रेघेसमोर एक चित्र: चेंडू, रंगपेटी, सगळ्यात वर सायकल. ओरखड्यांतून पातळी पुरेशी दिसते. माझ्या पुढच्या गल्ल्यात खिडकी मोठी असेल.

पॉलिश लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळवलेलं. चकाकी सुंदर. पण सॅनिटायझर लावलेल्या हाताने धरलं की बोटांचे निस्तेज ठसे उमटतात, कारण अल्कोहोल लाखेला विरघळवतंच. बरं इतकंच की नवा हात मारला की तो जुन्यात विरघळून एकजीव होतो, खरवडावं लागत नाही. जवसाच्या तेलाचा विचार मी आधी केला होता. ते वापरणार असाल तर तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उलगडून बाहेर वाळवा.

नवं झाकण प्लायचं केलंय. आडव्याउभ्या थरांमुळे प्लाय जवळजवळ फुगत नाही. मोडक्या खणाचा ६ मिमीचा तुकडा होता, म्हणजे खर्च शून्य. पाइनचं आडव्या रेषांचं करायला १५० रुंद फळी लागली असती, माझी होती १२५. मुद्दाम दोन मिलिमीटर सैल ठेवलंय. आता गल्ला हलवला की झाकण खडखडतं. मला तो आवाज सोसवत नाही. भाची म्हणते, आता गल्ला "जास्त भरल्यासारखा" वाजतो. दादाने विचारलं, "हे पण अडकलं तर?" म्हटलं, तुझा स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे जमा कर, मग बोलू.

जुनं झाकण माझ्या टेबलावर आहे, कडेला ढलपा उडालेलं. पाऊस संपून बरेच दिवस झालेत. आज सकाळी मोजलं तर पुन्हा १२० च्या आसपास. गेल्या रविवारी भाचीकडे गेले तेव्हा ते पिशवीत होतंच. ती आतल्या खोलीत असताना प्लायचं काढलं आणि ते सरकवून पाहिलं.

फुस्स.