चितारआळीची लाकडी फळं की बिनरंगी भातुकली? वर्षभराच्या नातीसाठी काय घेतलं आणि काय उपयोगी पडलं

निकाल आधी सांगते. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या रंगीत फळांच्या टोपलीला ५ पैकी ३. त्याच दुकानात खालच्या फळीवर धूळ खात पडलेल्या बिनरंगी भातुकलीला पूर्ण ५.

मी वेंगुर्ल्याची. अंगणवाडी सेविका होते, आता नात सांभाळते. बाय वर्षाची होत आली. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, "बोलता काय गो?" तिला समजतं काय, हे कोणीच विचारत नाही. मूल शब्द बोलतं त्याच्या कितीतरी आधी तो ओळखतं. वर्षाच्या मुलाला बोलता येणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजावेत, समजणारे त्याच्या कितीतरी पट असतात. म्हणून या वयाचं खेळणं मला ओळखायला मदत करणारं हवं होतं.

घरात भेट आलेला एक बॅटरीचा फोन आहे. बटण दाबलं की इंग्रजीत फळांची नावं घेतो. बाय बटण दाबते, लाल दिवा बघते, पुन्हा दाबते. ती खिडकीतल्या कावळ्याकडे बघत असली तरी फोनचं आपलं "बनाना" चालूच. मूल ज्या वस्तूकडे बघतंय तिचं नाव त्याच घडीला कानावर पडलं तर ते चिकटतं, आणि ते बघायला समोर माणूसच लागतो. त्याच्या बॅटऱ्या मी काढून ठेवल्या आहेत. सुनेला अजून सांगितलेलं नाही.

आता टोपली. मोती तलावाकडून चितारआळीत शिरलात की दोन्ही बाजूंना हीच दुकानं. फळं दिसायला इतकी हुबेहूब की पाहुणे खरी समजून हात घालतात. लाकूड हलकं, पांगाऱ्याचं असं दुकानदाराने सांगितलं, त्यामुळे पायावर पडलं तरी रडारड नाही. केळं बायच्या मुठीत नीट मावतं, आंबा दोन हातांनी धरते. पण दुकानदाराचा सगळा जोर एकाच गोष्टीवर: "काकी, शोकेसीत ठेवा, रंग जावचो नाय." म्हणजे त्याच्या लेखी गिऱ्हाईक मुंबईकर आणि वस्तू शोभेची. टोपलीत नासपती आहे. वेंगुर्ल्यात नासपती कोण खातो? आणि ज्या बांगड्याचं नाव आमच्या घरी रोज दोनदा निघतं, तो बांगडा लाकडात मिळाला नाही. मुलाला आधी समजतात ते त्याच्या रोजच्या कानावरचे शब्द. त्या हिशेबाने अर्धी टोपली फुकट.

म्हणून सगळी फळं एकदम ओतत नाही. चटईवर दोनच ठेवते, आंबा आणि केळं, मध्ये हातभर अंतर. "बाय, आंबो खंय हा?" विचारायचं आणि गप्प बसायचं. इथे मोठी माणसं चोरी करतात. विचारताना डोळे आपोआप आंब्याकडे जातात, मान हलते, कधी बोटही निघतं. मूल लबाड, ते आपली नजर वाचतं. आपण टाळ्या पिटतो, आणि शब्द तर त्याने ऐकलेलाच नसतो. मी तिच्या कपाळाकडे बघत विचारते. उत्तर हातानेच यायला पाहिजे असं नाही. नजर वळली तरी मला पुरे.

हे सुनेला पटेना, तेव्हा तिनेच मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एलिका बर्गेल्सन आणि डॅनियल स्विंग्ली यांनी २०१२ साली छापलेल्या अभ्यासात ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना असंच तपासलं होतं. पडद्यावर दोन चित्रं, आईने एकाचं नाव घ्यायचं, पण आईला चित्रं दिसू द्यायची नाहीत. खाण्याच्या वस्तूंची आणि शरीराच्या भागांची नावं ऐकून बाळांची नजर बरोबर चित्राकडे जास्त जात होती. तेव्हापासून सूनही कपाळाकडे बघते.

एक गंमत. आंबा समजला असं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी मी "आंबो" म्हटल्यावर बायने चेंडू आणून दिला. यात काळजीचं काही नाही, या वयात एक शब्द बरंच काही झाकतो. "नाय नाय" करत बसू नये. "ह्यो चेंडू, ह्यो आंबो" म्हणत दोन्ही हातात द्यावे. हंगामात लाकडी आंब्याशेजारी खरा ठेवला, तिने दोन्ही चाटून पाहिले आणि लाकडी लांब फेकला. ३ गुण देण्याचं हेही एक कारण.

भातुकलीचं मात्र वेगळं. पोळपाट, लाटणं, रवी, दोन वाट्या, सगळं कोरं लाकूड. फळं नुसती दाखवायची, भातुकलीने काहीतरी करायचं असतं. घाल, काढ, ढवळ, माका दी, आजोबांक दी. नावं मुलं लवकर पकडतात, कामाचे शब्द उशिरा, कारण "घाल" ही काही दिसणारी वस्तू नाही. तिथे आपण करत करत बोलावं लागतं. सुरुवातीला "दी" म्हणताना मी हात पुढे करत होते, आता हात मांडीवर ठेवून म्हणते. ती थांबते, विचार करते आणि वाटी देते. आजोबांना नुसत्या वाटीतून भुरका मारायला लागतो, नाहीतर बाय पुढे जाऊ देत नाही. लाकडी केळंही आता वाटीतच जास्त असतं.

घेण्याआधी दोन गोष्टी बघा. जांभूळ, द्राक्षं, लिंबाचा देठ असलं बारीकसारीक टोपलीतून काढून वर ठेवा. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर रुंदीची नळी वापरतात, म्हणजे साधारण सव्वा इंच. तिच्यात जे पूर्ण मावतं ते ३ वर्षांखालच्या मुलाच्या घशाला धोक्याचं. दुसरं म्हणजे रंग. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. त्यामुळे चिन्ह दिसलं नाही म्हणून माल वाईट ठरत नाही, मात्र रंग कुठला ते आपणच विचारायचं. माझ्या दुकानदाराने "चांगलो कलर" एवढंच सांगितलं. तोंडात जाणार ते बिनरंगीच घ्या.

हाक मारून, वाटी वाजवूनही मूल वळत नसेल तर खेळण्यावर पैसे घालू नका, आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना सांगा, ते पुढे पाठवतात.

टोपली साडेचारशेला बसली, भातुकली तिच्या निम्म्यात. घासाघीस होते, पण दुकानात गर्दी नसताना. दुपारी जाऊ नका, अर्धी दुकानं जेवायला बंद असतात. बांगडा करून द्याल काय, असं विचारलं तर कारागीर हसला आणि हो म्हणाला, पण चतुर्थी झाल्यावर.