टायरमधले सेन्सर: कराड–चिपळूण रस्त्यावर पावसाळ्यासकट आठ महिने

आईवडील चिपळूणला, मी कराडला. दर पंधरा दिवसांनी पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट, पोफळी असा रस्ता, आणि बहुतेक वेळा शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर, म्हणजे अंधारातच. मागच्या वर्षी जूनमध्ये घाटातल्या एका वळणावर गाडीचा मागचा भाग हलकेच बाहेर सरकला. काही झालं नाही, पण तो क्षण डोक्यातून गेला नाही. रस्ता किती पकड देतोय ते आधी कळावं, या आशेने मे महिन्यात चारही चाकांत आतून बसणारे टीपीएमएस, म्हणजे टायरमधल्या हवेचा दाब सतत दाखवणारे, सेन्सर बसवून घेतले.

तर आधी तेच सांगते. हे सेन्सर पकड मोजत नाहीत. दुकानात मला जवळजवळ तसंच सांगितलं होतं, आणि ते चुकीचं आहे. सेन्सर असतो व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, रिमला लागून. त्याला कळते हवा आणि तापमान. रस्त्याला टेकतो तो टायरचा पट्टा, आणि तिथलं त्याला काही कळत नाही.

खऱ्या ‘स्मार्ट’ टायरमध्ये सेन्सर पट्ट्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते: ८०च्या वेगाने फिरताना पट्ट्यावरच्या प्रत्येक बिंदूला गुरुत्वाकर्षणाच्या दीडशेपटीहून जास्त त्वरण असतं. तो बिंदू रस्त्याला टेकला की टायर तिथे सपाट होतो आणि ते त्वरण जवळजवळ शून्यावर येतं. सुटला की पुन्हा उसळतं. या दोन उड्यांमधल्या वेळेवरून टायर किती लांबीत जमिनीला टेकलाय ते काढता येतं. खाली पाण्याची पाचर शिरली की या आलेखाचा आकार बदलतो. पिरेली या टायर कंपनीने २०१९ मध्ये इटलीतल्या तुरिनला, लिंगोत्तोच्या जुन्या फियाट कारखान्याच्या गच्चीवरच्या ट्रॅकवर, आउडी ए८ घेऊन याचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं: पुढच्या गाडीचे टायर पाण्यावर तरंगू लागले की मागच्या गाडीला ५जी वरून इशारा. २०२१ मध्ये आलेल्या मॅक्लारेन आर्टुरा या स्पोर्ट्स कारला कंपनीतूनच सेन्सरवाले टायर आले.

तरीही एक अडचण उरतेच. सरळ रस्त्यावर एका वेगाने चाललेला टायर असलेल्या पकडीतला लहानसा भागच वापरतो. उरलेली किती आहे हे ब्रेक दाबल्याशिवाय किंवा वळल्याशिवाय कळणं फार अवघड. दोर सोडल्याशिवाय विहिरीचं पाणी किती खोल ते कळत नाही, तसंच.

मग माझ्या सेन्सरचा उपयोग काय? भरपूर. जुलैतल्या एका शुक्रवारी पाटण सोडलं तेव्हा चारही चाकं ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाखवत होती. चाकं तापली तशी तीन ३४ वर चढली, आणि मागचं डावं ३१. थोड्या वेळाने २९. बाकीची वर जात असताना एकच खाली येतंय, एवढं पाहून मी अलार्मची वाट न बघता घाटाच्या अलीकडेच पंक्चरवाल्याकडे थांबले. खिळा होता. स्टिअरिंगला काहीच जाणवलं नव्हतं. तोच टायर नागमोडी उतारावर पावसात बसला असता तर गाडीचा मागचा भाग पुन्हा सरकला असता, आणि या वेळी हलकेच नाही.

हवेचा आणि पकडीचा संबंध किती थेट आहे, हे मला नासाच्या जुन्या सूत्रावरून उमगलं. १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांवर चाचण्या करून त्यांनी ते काढलं: हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले १०.३५, म्हणजे टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग, ताशी मैलांत. ३३ पीएसआयला तो ताशी साधारण ९६ किलोमीटर येतो, २४ ला ८२. पाणी साचलेलं हवं, आणि टायर गुळगुळीत असेल तर कमी पाण्यातही हे होतं. महामार्गावरून साताऱ्याकडे जाताना पावसात हा फरक माझ्या रोजच्या वेगातच येतो.

घाटातल्या ४० च्या वेगाला मात्र हे सूत्र कामाचं नाही. तिथे पकड जाते ती वळणावर ट्रकने सांडलेल्या डिझेलने, दरडीच्या मातीने, कुजलेल्या पाल्याने. ते अजून माझ्या डोळ्यांनीच बघावं लागतं. घर्षणांक, म्हणजे रस्त्याच्या पकडीचं माप, ०.८ वरून ०.४ वर आला की ६० च्या वेगावरून थांबायला १८ मीटरऐवजी ३५ लागतात, आणि स्क्रीनवर तेव्हाही ३३च दिसत असतं.

तक्रारी दोन. बसवल्यावर दुकानदाराने बॅलन्सिंग केलंच नाही. ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं, दुसरीकडे पैसे देऊन करून घ्यावं लागलं. आणि डिसेंबरपासून पहाटे अलार्म वाजतो, कारण त्या खिळ्यानंतर मी तो ३१ वर लावलाय आणि दर १० अंशांना दीडेक पीएसआय हवा उतरते. हा सेन्सरचा दोष नाही. थंडीत हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी भरायची. याच निमित्ताने मी नेहमी जिथे हवा भरायचे तिथलं मीटर ४ पीएसआय जास्त दाखवतंय हेही कळलं. म्हणजे कित्येक पावसाळे मी २९ वर घाट उतरत होते!

बसवणार असाल तर आतलेच घ्या, आणि टायर खोलणाऱ्याला दर वेळी आधी सांगा की व्हॉल्व्हपाशी सेन्सर आहे. मशीनचा दांडा त्यावर पडला तर तो तुटतो. माझ्या मागच्या दोन टायरांच्या खाचा आता झिजून ३ मिलिमीटरवर आल्यात. कायद्याने १.६ पर्यंत चालतात, पण टायर मेमध्येच बदलणार आहे. जूनचा पहिला पाऊस त्यांच्यावर काढायचा नाही.