नांदूरमध्यमेश्वर: जायचं तर पहाटेच जा
नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायला रविवारी पहाटे पाचला नाशिकहून निघालो, निफाडकडे द्राक्षबागांवर धुकं एवढं की गाडी अक्षरशः रांगत नेली, पण चापडगावच्या मनोऱ्यावर चढलो आणि सगळी झोप उडाली. गोदावरी-कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, त्यात गाळ साचून साचून हे उथळ पाणी आणि पाणवनस्पती झाल्यात, म्हणून तर पक्षी येतात. २०२० मध्ये रामसर दर्जा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) जाहीर झाला, महाराष्ट्रात पहिलाच.

जांभळी पाणकोंबडी तर इतकी जवळ होती की लव्हाळ्याचा देठ पायात धरून सोलून खाताना दिसली, लाल चोच, लाल कपाळ, एकदम ठसक्यात! चक्रवाक, थापट्या ही बदकं भरपूर. फ्लेमिंगो नाही दिसले, नशीब आपलं.

दुर्बीण न्याच, मोबाईलच्या झूमने काही होत नाही. आमच्या शेजारी एक फॅमिली स्पीकरवर गाणी लावून आली होती, काय बोलणार, बदकांचा अख्खा थवा उडाला ना राव. नऊनंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतं. डबा घरूनच न्या. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या स्पीकरवाल्यांमुळे कापला.