पैसे भरून ॲडमिटेड स्टुडंट डेला जावं का? आमचे २८५० रुपये गेले, वाचून घ्या

आधीच सांगते, विद्यापीठाचं नाव घेणार नाहीये, विचारू नका. पुण्याच्या बाहेर आहे, खासगी आहे, भली मोठी कमान आहे, एवढ्यावरून ओळखलंत तर तुम्हाला नमस्कार.

तर आमच्या मनवाला तिथे रोबोटिक्स अँड ऑटोमेशनला सीट मिळाली. त्यांची स्वतःची ऑनलाइन परीक्षा असते, ती तिने सीईटीच्या अभ्यासातून वेळ काढून घरी बसून दिली होती, आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी मेल आला, अभिनंदन वगैरे, आणि आता फक्त निवड झालेल्या मुलांसाठी एक खास दिवस ठेवलाय, आईबाबांना घेऊन या. सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, विद्यार्थी १२००, पालक प्रत्येकी ६००, स्वारगेटहून बस हवी असेल तर माणशी १५०, नॉन रिफंडेबल. माझं पहिलं म्हणणं हेच की अहो, मुलगी बघायला गेल्यावर कांदेपोह्यांचं बिल हातात देतात का कोणी?

ह्यांचं म्हणणं वेगळं. चार वर्षांत पंधरा-सोळा लाख घालायचेत तर तीन हजारांकडे काय बघतेस. आता मी सहकारी बँकेत बावीस वर्षं कर्जखात्यात काढलीत, 'एवढे घालतोच आहोत तर अजून थोडे' हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं त्याची फाइल मी दोनदा बघते. पण मनवाला जायचंच होतं, तिच्या क्लासमधल्या दोघी जाणार होत्या, मग भरले पैसे. तिघांचे २४०० आणि बसचे ४५०.

माझ्या नणंदेचा मुलगा अमेरिकेत शिकतो, त्याला विचारलं तर तो म्हणाला मामी, इकडे हे एप्रिलमध्ये असतं, कारण बऱ्याच कॉलेजांना १ मेपर्यंत येतो की नाही ते कळवून डिपॉझिट भरायचं असतं, मुलांच्या हातात चार-पाच कॉलेजांची पत्रं असतात म्हणून कॉलेजच मुलांच्या मागे लागतं. म्हणजे सगळे पर्याय समोर आल्यावर बघायला जायचं. आपल्याकडे कधी ठेवला? जूनमधल्या रविवारी. सीईटीचे पर्सेंटाइल आलेले, कॅप राउंड, म्हणजे सरकारी सामायिक प्रवेशाची फेरी, अजून सुरूच व्हायचा. दुसरं कुठलं कॉलेज मिळतंय हे कोणालाच माहीत नाही अशा बरोब्बर वेळी बोलावतात, आणि वर ऑफर काय, तर सात दिवसांत ५० हजार भरून सीट कन्फर्म करा, मुलीचे १२०० फीमधून वजा करू. १२०० सोडवायला ५० हजार अडकवायचे. आणि हे ऐकून हॉलमध्ये टाळ्या पडल्या, खरंच पडल्या.

शनिवारी रात्री ह्यांना ऑफिसचं काम निघालं. मेल केला की ऐवजी मुलीचा मामा येईल, उत्तर आलं नाव बदलता येणार नाही. मग काय, दादा आला भोसरीहून आणि दिवसभर माझ्या नवऱ्याच्या नावाचा बिल्ला लावून फिरला. सगळे त्याला 'मनवाचे बाबा' म्हणत होते आणि तो शांतपणे 'बोला' म्हणत होता. पण एक सांगते, सहाशे रुपयांतली पै न पै कोणी वसूल केली असेल तर ती दादाने. त्याचं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, तीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस.

बस वेळेवर होती, नाश्ता ठीक, उपमा गार, चहा चांगला. कापडी पिशवी, पेन, डायरी आणि स्टीलची बाटली मिळाली. मग एसी हॉलमध्ये पावणेदोन तास भाषणं, त्यातला दीड तास तरी मला झोप आवरत नव्हती, ड्रोनमधून काढलेला व्हिडिओ दोनदा दाखवला. प्लेसमेंटच्या स्लाइडवर 'हायेस्ट पॅकेज'चा आकडा एवढा मोठा, आणि मीडियन, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याच्या वर मिळतं तो मधला पगार, विचारला तर म्हणे तो डिपार्टमेंटवाइज असतो, नंतर शेअर करू. अहो, एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगला जी कॉलेजं उतरतात त्यांना वेबसाइटवर डेटा टाकावा लागतो, किती मुलं पास झाली, किती लागली, पगाराचा मीडियन किती, सगळं वर्षवार असतं त्यात. घरी येऊन मोबाइलवर दहा मिनिटांत काढलं. व्यासपीठावरच्या आकड्याच्या आसपाससुद्धा नाही, बराच खाली. म्हणजे जे सांगायला २८५० घेतले ते सांगितलं नाही आणि जे खरं होतं ते फुकट पडलेलं होतं.

नॅकच्या ग्रेडचंही तेच. ग्रेड मोठ्या अक्षरात. दादाने हात वर करून विचारलं, ह्या ब्रँचला एनबीए आहे का? स्टेजवर जरा शांतता झाली. नॅकचं मूल्यांकन अख्ख्या संस्थेचं असतं, एनबीएची मान्यता प्रत्येक कोर्सची वेगळी, आणि त्यासाठी कोर्सच्या निदान दोन बॅच पास होऊन बाहेर पडलेल्या लागतात, ह्यांची रोबोटिक्सची पहिली बॅच आत्ता तिसऱ्या वर्षाला. त्यात चूक काही नाही, नवीन कोर्स असतातच कुठे ना कुठे, पण 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर दिलं ते मला आवडलं नाही. सरळ सांगायचं ना, अजून वेळ आहे म्हणून.

आणि एक बाई उठल्या, बहुतेक सोलापूरकडच्या असाव्यात, त्यांनी विचारलं मुलींना फी माफ आहे ना आता? उत्तर आलं, आमच्या भरपूर स्कॉलरशिप आहेत. हे मात्र मला फार खटकलं म्हणून इथे लिहिते, २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने जी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ केली, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी, ती कॅपमधून ॲडमिशन घेतलं तर. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलीत. ज्यांना ती सवलत लागू होते त्यांच्यासाठी सगळा हिशोबच इथे फिरतो. मी जेवणाच्या रांगेत त्या बाईंना गाठून सांगितलं, त्यांनी डोक्यालाच हात लावला.

आता लॅब. इथे दादाचा खरा खेळ. काचेच्या भिंती, निळे लाइट, दोन रोबोट आर्म, त्यातला एक सगळ्यांना हात हलवून दाखवत होता, मुलं रील काढत होती. पलीकडे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन. दादा तिकडे गेला, दार सरकवून आत बघितलं, खाली वाकला, आणि मला हळूच म्हणाला, अगं, कूलंटच्या टाकीत कोळ्याचं जाळं आहे. मला कळेना, मग त्याने सांगितलं की मशीन चाललं की टाकीत पाणी-तेल असणारच, खाली चिप्स पडलेल्या असणार, कपड्याला वास लागणार. हे मशीन कोणी चालवतच नाही. त्याने लॅब असिस्टंटला विचारलं, मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावून दाखवता का एखादा? तर म्हणे आज ऑपरेटर सुट्टीवर. रविवार होता, मान्य, पण मग रविवारी लॅब दाखवायला बोलावलं कोणी? ३डी प्रिंटर मात्र चालू होते आणि तिथली दोन मुलं मनापासून सांगत होती, ते काढून टाकायचं कारण नाही. मनवा त्यांच्यापाशी अर्धा तास रमली.

आणि जेवण. जेवण चांगलं होतं हो, पनीर, दोन भाज्या, गुलाबजाम. पण त्या दिवशीचं जेवण मेसचं नव्हतं, केटररचं होतं, हे मला वाढणाऱ्या पोराकडूनच कळलं. आमचं खरं काम झालं ते ताट घेऊन उभं असताना. व्हॉलंटियरचा टीशर्ट घातलेली सेकंड इयरची एक मुलगी होती, तिला मी प्लेसमेंट वगैरे काही विचारलंच नाही, विचारलं की बाळा, रात्री आठनंतर पुण्याला यायचं झालं तर कशी येतेस? ती हसली आणि मग सुरूच झाली. शेवटची बस कधी चुकते, रिक्षावाले किती मागतात, हॉस्टेलचं गेट कितीला बंद होतं, गरम पाणी सकाळी किती वाजेपर्यंत, कुठले सर खरंच शिकवतात आणि कुठल्या विषयाला सेमिस्टरमध्ये तीन मास्तर बदलले. दहा मिनिटं. तेवढ्या दहा मिनिटांचे २८५० दिले असं मी धरून चालते.

हॉस्टेलची जी खोली दाखवली ती सॅम्पल होती, गादीवर प्लास्टिक. खरे मजले बघू देत नव्हते, मुलींची प्रायव्हसी, ते बरोबरच आहे.

शेवटी काउन्सेलरची टेबलं. तिथे मी कागद काढला आणि दोनच प्रश्न विचारले. एक, ५० हजार भरले आणि कॅपमध्ये बरं कॉलेज लागलं तर किती परत? यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८ चा नियम असा आहे की प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा जास्त दिवस आधी सोडलं तर पूर्ण परत, त्यातून फार तर पाच टक्के आणि तेही पाच हजारांच्या आत प्रोसेसिंगचे कापायचे, तारखेला पंधरा दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के, तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत ८०, सोळा ते तीस दिवसांत ५०, नंतर शून्य. सगळी मेख त्या 'शेवटच्या तारखे'त आहे. म्हणून दुसरा प्रश्न, तुमची शेवटची तारीख कुठली, लेखी द्या. मुलगा बिचारा आत जाऊन आला, परत जाऊन आला, म्हणाला मॅडम मेल करतो. मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट ओरिजिनल आत्ताच जमा करा असंही म्हणाला, मी म्हटलं बघून परत द्या, ठेवून घेता येत नाहीत. तो काही बोलला नाही, सही करून परत दिली.

तर जावं का? पालकांचे पैसे भरू नका, मुलाला किंवा मुलीला एकटं पाठवा मित्रमैत्रिणींसोबत, ती बिनधास्त विचारतात. आणि तुम्ही एखाद्या मंगळवारी रजा टाकून तसेच जा, गेटवर ॲडमिशनची चौकशी म्हटलं की सोडतात, कँटीनमध्ये चहा घेत बसा, लॅबचं दार उघडं आहे का बघा. आम्ही पुढच्या आठवड्यात गेलोच, फुकट, नुसतं पेट्रोल. रोबोट आर्मवर कव्हर होतं, सीएनसीच्या लॅबला कुलूप, पण ३डी प्रिंटरवाली पोरं होती, मनवाला ओळखलंही त्यांनी. घरात मशीनमधलं कळणारं माणूस असेल तर त्याला मात्र मी सहाशे रुपये भरूनही नेईन. दिवसाला पाचपैकी अडीच, त्यातला एक स्टार त्या सेकंड इयरच्या मुलीचा.

५० हजार आम्ही भरले नाहीत, कॅपची लिस्ट यायची आहे. शेवटच्या तारखेचा मेल अजून आलेला नाही. काल संध्याकाळी काउन्सेलरचा ह्यांच्या मोबाइलवर फोन आला, सर तुम्ही त्या दिवशी लॅबमध्ये फार छान प्रश्न विचारलेत, आमचे एचओडी इम्प्रेस झाले. हे वरण ढवळत होते, म्हणाले, "हो का? काय विचारलं होतं मी?"