फोर-के डॅशकॅम, १२८ जीबीचं कार्ड आणि न उघडणारी फाइल

डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेवर बसवून रस्त्याचं सतत चित्रीकरण करणारा कॅमेरा, विकताना होणारी एक फसवणूक दुकानात उभं राहून कधीच उघडकीला येत नाही. ती कळते अपघाताच्या दिवशी, आणि तेव्हा पुरावा हातचा गेलेला असतो. आमचं तेच झालं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता कसा तीव्र उताराचा आणि अपघातांचा आहे हे पुणेकरांना सांगायला नको. माझं जाणं-येणं तिथूनच, म्हणून शहरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानातून कॅमेरा बसवून घेतला. खोक्यावर ‘फोर-के’, सोबत १२८ जीबीचं मेमरी कार्ड ‘फ्री’. दुकानदाराने रेकॉर्डिंग करून दाखवलं, ते व्यवस्थित चाललं. पुढेही कॅमेऱ्याच्या मोबाइल ॲपमध्ये फायलींची यादी भरलेली दिसायची.

मग त्याच उतारावर एक टेम्पो डावीकडून घुसला, आमचा बंपर आणि पुढचं दार घासत न थांबता निघून गेला. शेजारी बसलेल्या सासऱ्यांचा खांदा चांगलाच दुखावला. धक्का बसताच कॅमेऱ्याने ती फाइल लॉकही केली होती, म्हणजे ती आपोआप पुसली जाऊ नये अशी राखून ठेवली होती. फाइलचं नाव होतं, वेळ होती, आकार होता. फाइल मात्र उघडेना. माझ्या मोबाइलवर नाही, लॅपटॉपवर नाही, पोलीस चौकीतल्या संगणकावरही नाही.

घरी भाच्याने ते कार्ड ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून तपासलं. हे सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरतं आणि भरलेलं परत वाचून पाहतं. खरी जागा निघाली जेमतेम १६ जीबीच्या आतबाहेर. बाकीची जागा नुसती दाखवायची. कार्डाच्या आतल्या कंट्रोलरमध्येच, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या चिपमध्येच, फेरफार करून १२८ हा आकडा घातलेला असतो.

यातली लबाडी नीट समजून घ्या. सेकंदाला १५ मेगाबिट अशा दराने रेकॉर्डिंग चालू असेल तर तासाला पावणेसात जीबी लागतात. म्हणजे १६ जीबीत सव्वादोन तासांचं चित्रीकरण मावतं. कार्ड तेवढं भरलं की लूप रेकॉर्डिंगने जुनी फाइल पुसून नवी लिहायला हवी. पण कॅमेऱ्याला वाटतं अजून शंभर जीबी मोकळे आहेत, आणि तो नसलेल्या जागेवर लिहीत राहतो. एरर येत नाही, लाल दिवा लागत नाही. दुकानातला डेमो पहिल्या पाच मिनिटांचा असतो, तो बिनचूकच दिसणार.

उघडणाऱ्या थोड्या फायली होत्या, त्यांतून दुसरी गोष्ट कळली. सिग्नलला अगदी पुढे उभ्या असलेल्या गाडीचा नंबरही वाचता येईना. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, त्यासाठी ८ मेगापिक्सेलचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) लागतो. आमच्या कॅमेऱ्यात २ मेगापिक्सेलचा होता आणि चित्र ताणून मोठं केलेलं होतं. फाइलच्या माहितीत आकडा फोर-केचाच दिसतो, त्यावर विसंबू नका. सेन्सरचं मॉडेल विचारा: सोनीचा आयएमएक्स४१५ किंवा आयएमएक्स६७८ असेल तर तो ८ मेगापिक्सेलचा, आयएमएक्स३०७ हा २ मेगापिक्सेलचा. दुकानदार नाव सांगत नसेल तर दुकानाबाहेर लावलेल्या गाड्यांचं आधी १०८०पी (फोर-केपेक्षा कमी पिक्सेलचं) आणि मग फोर-के अशा दोन्ही सेटिंगवर चित्रीकरण करा आणि लॅपटॉपवर थांबवून पाहा. तपशिलात फरक दिसला नाही, तर फोर-के फक्त खोक्यावर आहे.

दुकानदाराचं उत्तर होतं, ‘ताई, फ्री कार्डाला वॉरंटी नसते.’ बिलावर फक्त ‘कार कॅमेरा’ एवढंच. हे मला सगळ्यात संतापजनक वाटतं, कारण हे बिल मुद्दामच तसं बनवलेलं असतं. मॉडेल, रिझोल्यूशन आणि कार्डाची क्षमता लिहिलेलं जीएसटी बिल मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्ड वेगळं, ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचं, म्हणजे सतत लिहिणं-पुसणं सोसणारं, घ्या आणि गाडीत घालण्याआधी घरी पूर्ण भरून तपासा. उन्हात तापणाऱ्या गाडीसाठी लिथियम बॅटरीपेक्षा सुपरकपॅसिटरवाला (बॅटरीऐवजी वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग असलेला) कॅमेरा बरा. फिटिंगवाल्याला वायर कापू देऊ नका, फ्यूज टॅप, म्हणजे वायर न कापता फ्यूज बॉक्समधून वीज घेणारा जोड, वापरायला सांगा. आमची वायर सोलून टेपने जोडलेली निघाली.

अपघात झाला तर आधी कार्ड बाहेर काढा, नाहीतर लूपमध्ये खरी फाइलही पुसली जाईल. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दाबून लहान झालेली असते, मूळ फाइल जपा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार कोर्टात अशा फाइलसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू असते, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. त्यानंतर दुकानदार कॅमेऱ्याचे पैसे द्यायला तयार झाला, पण लेखी काही देणार नाही म्हणाला. मी नकार दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला शुल्क लागत नाही. तिथल्या अर्जाची कागदपत्रं जुळवणं सध्या चालू आहे.