अलार्म फोन: भूमध्य समुद्रात बुडत्या बोटीचा कॉल घेणारी सेवा

अलार्म फोनकडून बचावाची अपेक्षा ठेवली तर निराशाच होईल, कारण या सेवेकडे एकही बोट नाही आणि कुठल्या जहाजाला आदेश देण्याचा अधिकारही नाही. तिचं काम वेगळं आहे. युरोपकडे निघून समुद्रात अडकलेल्या स्थलांतरितांचा कॉल घ्यायचा, त्यांची जागा नक्की करायची, ती संबंधित देशांच्या बचाव केंद्रांना लेखी कळवायची आणि कुणीतरी तिथे पोहोचेपर्यंत पाठपुरावा करत राहायचं. हे काम अलार्म फोनचे स्वयंसेवक आळीपाळीने, चोवीस तास करतात आणि फार चांगलं करतात.

सेवा सुरू झाली ११ ऑक्टोबर २०१४ ला. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी इटलीच्या लांपेदुसा बेटाजवळ बुडणाऱ्या बोटीवरून एक सीरियन डॉक्टर रोमच्या बचाव केंद्राला पुन्हा पुन्हा फोन करत होता आणि रोम त्याला माल्टाला फोन करायला सांगत होतं. इटलीच्या नौदलाचं ‘लिब्रा’ जहाज जवळपास होतं, पण ते वेळेत पाठवलं गेलं नाही. लहान मुलांसकट २००हून जास्त माणसं गेली. जानेवारी २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने इटलीला याबद्दल जबाबदार धरलं. ‘आम्हाला वेळेत कळलं नाही’ असं म्हणायला कुठल्याही सरकारला वाव राहू नये, ही या सेवेमागची मूळ गरज आहे.

आपल्याकडे मच्छीमार तटरक्षक दलाचा १५५४ लावतात. लिबियाहून निघालेल्या रबरी बोटीतून असा छोटा नंबर लागत नाही. किनारा सुटला की मोबाइलची रेंज जाते आणि हातात उरतो तो एखादा थुराया सॅटेलाइट फोन. त्यात बॅलन्स थोडा, बॅटरी थोडी, आणि बोटीत इतका गोंधळ की शब्द नीट ऐकू येत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न जागेचा. अक्षांश-रेखांश फोनच्याच मेनूमध्ये दिसतात, ते कसे काढायचे हे पलीकडून सांगितलं जातं. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. ‘तेहतीस पन्नास’ असं कानावर आलं तर ते ३३ अंश ५० मिनिटं की ३३.५० अंश? दुसऱ्याचा अर्थ ३३ अंश ३० मिनिटं. फरक २० सागरी मैलांचा, म्हणजे ३७ किलोमीटरचा. १२ नॉट्सने, म्हणजे ताशी १२ सागरी मैलांनी जाणारं जहाज चुकीच्या जागी निघालं तर १ तास ४० मिनिटं वाया. त्यामुळे आकडे एकेक करून परत म्हणवून घ्यावे लागतात आणि थोड्या वेळाने पुन्हा मागावे लागतात. दोन नोंदींवरून बोट इंजिनवर चालली आहे की नुसती वाहते आहे हेही कळतं.

मग बाकीचं: माणसं किती, लहान मुलं आणि गरोदर बायका किती, इंजिन चालू आहे का, पाणी शिरतंय का, कुणी बेशुद्ध आहे का. पेट्रोल आणि खारं पाणी मिसळून बोटीच्या तळाशी साचतं आणि कातडी भाजते. बायका-मुलांना सहसा मध्ये बसवतात, त्यामुळे अशा जखमा त्यांनाच जास्त होतात. आणखी एक सूचना जीव वाचवणारी आहे: मदत दिसली तरी उभं राहू नका, एका बाजूला धावू नका. बोटी अनेकदा बचाव समोर आल्यावरच उलटतात.

या सेवेची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बोटीवरच्या फोनचा रिचार्ज स्वयंसेवक दुरून करून देतात. बॅलन्स संपला तर संपर्कच तुटला. शिवाय फोन कुणी उचलेनासं झालं की तोच बॅलन्स तपासता येतो. तो कमी झाला असेल तर फोन अजून वापरात आहे.

उणिवा खऱ्या आहेत आणि बहुतेक या सेवेच्या हाताबाहेरच्या आहेत. ईमेल पोहोचला म्हणजे जहाज निघालं असं नाही. १३ जून २०२३ ला ग्रीसमधल्या पिलोसजवळ माणसांनी भरलेल्या एका मासेमारी बोटीची माहिती अलार्म फोनने ग्रीक अधिकाऱ्यांना दिली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती बुडाली. बोटीवर सुमारे ७५० माणसं होती, १०४ वाचली. मे २०२५ मध्ये ग्रीसच्या १७ तटरक्षकांवर आरोप ठेवले गेले. अशा प्रकरणांत वेळ नोंदलेला तो ईमेल पुरावा ठरतो. बुडालेल्यांना त्याचा उपयोग नाही, हे मान्य करावंच लागतं.

आणि माणसं डेकवर आली तरी बचाव पुरा होत नाही. जिवाला धोका नाही, अन्न, निवारा, औषधपाणी मिळेल आणि पुढे नेण्याची व्यवस्था होऊ शकेल, अशा जागी उतरवल्यावरच तो पुरा होतो. ऑगस्ट २०२० मध्ये ‘मर्स्क एतिएन’ या टँकरने माल्टाच्या विनंतीवरून २७ जणांना घेतलं आणि ३८ दिवस त्या टँकरला बंदर मिळालं नाही. शेवटी ‘मारे योनियो’ या स्वयंसेवी जहाजाने त्यांना सिसिलीला नेलं. हा पेच कुठल्याही हेल्पलाइनच्या आवाक्याबाहेरचा आहे.

व्यापारी जहाजांवर मराठी अधिकारी आहेत, हे त्यांच्यासाठी. जवळच्या बोटीची खबर अलार्म फोन जहाजाच्या कंपनीलाही देतो. तसा निरोप आला तर तो बेदखल करू नका. समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातला नियम ३३ कॅप्टनला संकटातल्यांच्या मदतीला जायला बांधतो, मग खबर कुठूनही आलेली असो. वेळ, जागा आणि खबर देणाऱ्याचं नाव लॉगबुकात टाका. बचाव केंद्राशी बोला आणि सूचना लेखी मागा. माणसं लिबियात उतरवायला सांगितलं तर थांबा: इटलीच्या ‘असो २८’ जहाजाने २०१८ मध्ये १०१ जणांना त्रिपोलीला परत नेलं होतं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कॅप्टनची शिक्षा कायम केली. दुसरं बंदर लेखी मागा, कंपनीला आणि ध्वजराष्ट्राला (जहाज जिथे नोंदलेलं आहे त्या देशाला) त्याच वेळी कळवा, आणि आलेलं प्रत्येक उत्तर वेळेसकट जपून ठेवा.